अनुदान आणि समानता
(वाचन : २ करिंथ ८ व ९)

चेन्नईच्या दक्षिणेस सिरुसेरी येथे सिपकॉटचे विस्तीर्ण माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. अशा ठिकाणच्या मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू होते. मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम त्यांनी समाजकार्यासाठी खर्चावयाची असते. शिक्षण, आरोग्य, झोपडपट्टी-विकास ही कामे त्यात बसतात आणि कंपनीच्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे कायदा सांगतो.

या पैशाला आपण ‘अनुदान’ म्हणतो. पौलापुढेही शब्दाचाच प्रश्न होता. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांच्या वर्गणीस १ करिंथ १६ मध्ये तो ‘लोगेइया’ हा साधा, जमाखर्चाचा शब्द योजतो. दुसऱ्या पत्रात मात्र तो ‘खारिस’ म्हणतो. देवाच्या कृपेसाठी त्याचा तोच शब्द आहे. येथे भाषांतरकाराची पंचाईत होते. कोठे ‘कृपा’, कोठे ‘धर्मकार्य’ असे लिहावे लागते आणि मुळातील धागा तुटतो.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो ८:१३-१४ मधील ‘इसोतेस’, म्हणजे समानता. आज घेणारा उद्या देणारा होऊ शकेल, हे पौल गृहीत धरतो. कायद्यात ही अपेक्षा नाही. तेथे देणारा देणाराच राहतो. सिरुसेरीभोवतीच्या एखाद्या मुलाला शिष्यवृत्ती देताना या दोन दृष्टींतील अंतर कळते.

हिशेबाविषयी मात्र दोन्हींचे एकमत आहे. कंपनीला आपला खर्च जाहीर करावा लागतो. पौलानेही रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला (८:१९-२१). आपल्या वसतिगृहांच्या व दवाखान्यांच्या विश्वस्तांनी ही ३ वचने सभेत मोठ्याने वाचावीत.