राजधानी आणि गोवर्धनचे शेत

भूगोलाच्या पाठात देशांची नावे व त्यांच्या राजधान्या विद्यार्थी मुखोद्गत करितात. फ्रान्सची पॅरिस, जपानची टोकियो, भारताची नवी दिल्ली, ही उत्तरे बिनचूक येतात. परंतु ‘राजधानी करते काय?’ असा प्रश्न केला की, तोच हुशार विद्यार्थी क्षणभर थबकतो. जेथे राजवाडा, सैन्य व मोठमोठ्या कचेऱ्या असतात ती राजधानी, असे तो म्हणतो. हे उत्तर खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे. राजधानीचे खरे काम कोणते आणि तिची परीक्षा कोठे होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी दूरदेशी जावयास नको. ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या नाशिकच्या डोंगरात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरून ठेविलेले आहे.

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबईच्या रस्त्यालगत पांडवलेण्यांचा डोंगर आहे. त्याचे प्राचीन नाव त्रिरश्मी. तेथील लेणी पांडवांनी कोरली नसून ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी राजांनी, व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी करविली. भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत लेख आहेत. सहलीस गेलेली मुले मूर्ती व खांब पाहून परततात. लेखांकडे थोड्यांचेच लक्ष जाते. वास्तविक हे लेख म्हणजे त्या काळचे सरकारी दप्तरच होय.

त्या काळी महाराष्ट्रावर सातवाहन राजांची सत्ता होती. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. नाशिकजवळून वाहणारी गोदावरीच पुढे पैठणास जाते. ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे लिहिले आहे, आणि टॉलेमी ह्या भूगोलवेत्त्याने पैठण हे पुळुमावी राजाचे राजनगर म्हणून नोंदविले आहे. राज्याचे जे विभाग होते त्यांस ‘आहार’ म्हणत. आपला प्रदेश गोवर्धन आहारात मोडत असे व त्यावर राजाचा एक अमात्य नेमलेला असे. गोवर्धन नावाचे गाव नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी आजही आहे.

मध्यंतरी हा प्रदेश क्षहरात वंशातील नहपान ह्या क्षत्रपाने सातवाहनांकडून जिंकून घेतला. त्याचा जावई उषवदात ह्याने त्रिरश्मीवर एक लेणे दिले व भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव केली. ही ठेव त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेविली. एकीत २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, तर दुसरीत १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. २,००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दप्तरखान्यात नोंदविल्याचेही लेखात सांगितले आहे. राज्य म्हणजे केवळ तरवार नव्हे. नोंद, ठेव व विश्वास हीही राज्याची अंगे होत, हे ह्यावरून दिसते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. ह्याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात मिळाला. सन १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुने नाणे न वितळविता त्यावर नवी मुद्रा उठविली की, बाजारातील प्रत्येक माणसास राज्य कोणाचे हे हातात पैसा घेताच कळे.

आता लेणे क्रमांक ३ मधील दोन राजाज्ञांकडे वळू. पहिली गौतमीपुत्राच्या राज्याच्या १८ व्या वर्षीची आहे. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून राजाने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित ह्यास ती धाडिली. अपर-काकडी गावातील जे शेत पूर्वी उषवदाताकडे होते, ते २०० निवर्तने शेत (निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप) त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिले, असे तीत सांगितले आहे. ह्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही दिल्या आहेत. आज्ञा तोंडी दिली कोणी, लिहून घेतली कोणी, हेही नमूद आहे. राजा पैठणास नव्हता, तळावर होता. तरी राज्याचा कारभार थांबला नाही.

परंतु अधिक विचार करण्याजोगी आहे ती दुसरी आज्ञा. ती सहा वर्षांनंतरची, म्हणजे २४ व्या वर्षीची असून राजा व राजमाता ह्या दोघांच्या नावे निघाली आहे. ह्या वेळी गोवर्धनास श्यामक नावाचा अमात्य होता. प्रथम त्याच्या आरोग्याची विचारपूस करून मग आज्ञेत जे कळविले आहे, त्याचा आशय असा : काकडी गावातील शेत आम्ही पूर्वी भिक्षूंस दिले, पण ते शेत कोणी कसत नाही व त्या गावी वस्ती नाही. सबब नगराच्या शिवेवरील आमच्या स्वतःच्या राजकीय शेतापैकी १०० निवर्तने त्यांस द्यावीत.

वाचकहो, ह्या चार ओळींत राज्यकारभाराचे मर्म साठविले आहे. पहिली आज्ञा कागदोपत्री निर्दोष होती. दान दिले, सवलती दिल्या, नोंद झाली. राजधानीच्या दृष्टीने काम संपले होते. पण गोवर्धनच्या त्या शेतात नांगर चालत नव्हता, म्हणून प्रत्यक्षात भिक्षूंच्या हाती काहीच पडले नव्हते. ही गोष्ट राजापर्यंत पोहोचली. राजाने ती नाकारली नाही, अमात्यास दोष देऊन स्वस्थही बसला नाही. त्याने आपल्या खाजगीच्या जमिनीतून तूट भरून दिली. आणि विशेष हे की, पहिली आज्ञा फोल ठरल्याची कबुलीही दगडात कोरली गेली. राजधानीतून आज्ञा निघते, तिची नोंद होते, अधिकारी ती अमलात आणतो, ह्या तीन पायऱ्या सर्वांस ठाऊक असतात. चौथी पायरी अशी की, आज्ञा सफळ झाली की नाही ह्याची वार्ता राजधानीस परत यावी व चूक दुरुस्त व्हावी. ही चौथी पायरी ज्या राज्यात मोडते, तेथे राजधानी कितीही भव्य असली तरी ती नुसती इमारतींची गर्दी होय.

ह्याची साक्ष पुढील इतिहासही देतो. सन १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस आणिली व तिचे नाव दौलताबाद ठेविले. दक्षिणोत्तर पसरलेल्या राज्याच्या मध्यभागी राजधानी असावी, हा विचार मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. परंतु दिल्लीच्या लोकांस घरेदारे सोडून शेकडो कोसांचा प्रवास करणे भाग पडले व त्यात त्यांचे अतोनात हाल झाले. काही वर्षांतच बादशहास दिल्लीस परतावे लागले. आज्ञा एका दिशेनेच धावली; प्रजेचे म्हणणे उलट दिशेने वेळेवर आले नाही.

ह्याच्या उलट उदाहरण रायगडाचे. ६ जून १६७४ रोजी तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला व रायगड स्वराज्याची राजधानी म्हणून गाजू लागला. तेथील सिंहासनाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. पण त्या सिंहासनाभोवती उभे असलेले अष्टप्रधान हे रायगडाचे खरे वैभव होय. मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश व पंडितराव अशी कामे वाटून दिलेली होती. जमाखर्च पाहणाऱ्यास तेथेही ‘अमात्य’ हेच नाव होते, हे गोवर्धनचे लेख वाचणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

सन १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला. राजाराम महाराजांनी दूर दक्षिणेत जिंजीचा किल्ला गाठला. राजधानी गेली म्हणजे राज्य बुडाले, हा सामान्य नियम येथे खोटा ठरला. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार सांभाळिला, संताजी घोरपडे व धनाजी जाधव ह्यांनी मोगली फौजांस जेरीस आणिले, आणि जिंजीहून निघालेली पत्रे सह्याद्रीच्या खोऱ्यांत मानली गेली. पुढे सन १७०८ मध्ये साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. रायगड पडूनही राज्य टिकले, कारण राज्य केवळ गडाच्या तटांत नव्हते. ते कामे नेमून घेतलेल्या व ती न सोडलेल्या माणसांत होते.

आता आजच्या राजधानीकडे पाहू. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, व सन १९३१ मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. परकी सत्तेने आपल्या वैभवासाठी बांधलेल्या त्या नगरीतच घटना समितीने स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार केली, आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. संसद कायदे करते, राष्ट्रपतींच्या नावे मंत्रिमंडळ कारभार चालविते, व सर्वोच्च न्यायालय न्याय देते. एकाच हाती सर्व सत्ता नसावी म्हणून ही योजना आहे. शिवाय सगळी सत्ता दिल्लीतच साठवून ठेविलेली नाही. महाराष्ट्राची राजधानी मुंबई आहे, नाशिकास जिल्हा परिषद आहे, गावास ग्रामपंचायत आहे.

आपल्या नाशिकचाही ह्या व्यवस्थेत वाटा आहे. नाशिकरोड येथील सरकारी छापखान्यांत देशाच्या नोटा, टपालाची तिकिटे व पारपत्रे छापली जातात. जोगळटेंभीच्या नाण्यावरील छापाप्रमाणेच त्या कागदावरील छापालाही किंमत आहे, ती त्यामागे राज्याचे वचन उभे असते म्हणून.

श्यामकाच्या काळी शेत पडीक असल्याची वार्ता राजास कळली, ती कळविणारा कोणीतरी होता म्हणून. आज ते काम प्रत्येक नागरिकाचे आहे. मत, अर्ज, ग्रामसभा, वृत्तपत्र व न्यायालय ही वार्ता पोहोचविण्याची साधने आहेत. सन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने त्यांत आणखी एक भर पडली. पालकांनी ती वापरावीत व मुलांस ती वापरण्यास शिकवावे. आपल्या गावची शाळा पावसात गळते की नाही, मंजूर झालेली विहीर खणली गेली की नाही, हे दिल्लीस आपोआप कळत नाही. येथील माणसाने ते नीट लिहून, खरे लिहून, योग्य जागी कळवावे लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पुढल्या वेळी राजधान्यांची यादी पाठ कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे मनात एक प्रश्न लिहा : येथून निघालेली आज्ञा शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते काय, आणि त्या शेताची हकीकत येथे परत येते काय? ज्या देशात ह्या दोन्ही वाटा खुल्या असतात, त्याचीच राजधानी खरी राजधानी होय. त्या वाटा खुल्या राखणारे नागरिक तुमच्यातूनच निपजावयाचे आहेत.