चंक्रमण : सोबतीने चालण्याचे औषध

"दिवसभर पायावरच तर असतो, आणखी फिरायला कशाला?" धाराशिवच्या वस्त्यांमध्ये शुगर-बीपी तपासायला बसलो की आयाबाया हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. धुणीभांडी करणाऱ्या, विटा उचलणाऱ्या बाईला व्यायाम शिकवताना आम्हालाही संकोच वाटतो. पण कामावरच्या चालण्यात कंबर वाकलेली असते आणि डोक्यात उद्याची काळजी असते. आम्ही म्हणतो ते चालणे निराळे.

धम्मात त्याला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या वाटेचे बळ येते, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता जास्त काळ टिकते. नर्सिंगला आम्ही त्याच्या जवळचेच शिकलो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर स्नायू रक्तातली साखर वापरतात, ती फार चढत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ती मध्यम गती.

आम्ही सकाळी सहाला विहाराच्या फाटकाशी जमतो आणि बागेत जातो. पहिल्याच दिवशी एका बाकावरच्या मंडळींनी "तुम्ही कुठल्या वस्तीतल्या?" असे विचारले आणि उत्तर ऐकून उठून गेली. दोघी घरी परतायला निघाल्या होत्या. 1927 साली महाडला सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला गेला. सावलीही सार्वजनिकच आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच बाकावर बसलो.

पहिली दहा मिनिटे कोणी बोलत नाही, मोबाईल पिशवीत. टाच टेकली, पाऊल उचलले, एवढ्यावरच लक्ष. मग जोड्या होतात. एकीने बोलायचे, दुसरीने ऐकायचे, सल्ला द्यायचा नाही. हे आम्हालाच सर्वांत जड गेले, नर्सची जीभ ती!

एक आक्का तीन आठवडे गप्प चालल्या. चौथ्या आठवड्यात कडुलिंबाखाली म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद हायत. फुकट मिळतात, पण रांगेत दिवस गेला की हजेरी बुडते." तपासणीच्या टेबलावर याच आक्का आम्हाला "घेते की" म्हणाल्या होत्या. समोर बसून विचारले की माणूस हिशेब देतो, शेजारी चालताना खरे सांगतो. आता त्यांचे कार्ड घेऊन आम्ही आळीपाळीने गोळ्या आणतो. हे त्यांना विचारूनच लिहिले आहे. एरवी चालताना ऐकलेले बाहेर न्यायचे नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये, साखरेची पुडी जवळ ठेवावी. गवतावर अनवाणी चालल्याने शुगर उतरते, असे कोणी सांगितले तरी ऐकू नका. पाय बधिर असतील तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज तळवे पाहा. छाती दाटली किंवा दम लागला तर तिथेच बसा, 108 ला फोन करा. आणि कोणी "जगून काय करू" म्हणाले तर तिला एकटे सोडू नका. 14416 वर टेलि-मानसचे समुपदेशन मोफत मिळते.

येत्या पौर्णिमेला बालाघाटातल्या धाराशिव लेण्यांकडे जायचे आहे. ती शहरापासून आठेक किलोमीटरवर आहेत, तेव्हा तिथपर्यंत रिक्षाने. गुडघेदुखीवाल्यांनी काठी आणावी. जी सर्वांत हळू चालते, तिच्याच गतीने सगळ्या चालतील.