परदेशात गोळ्या संपल्या तर

कोविडच्या साथीमुळे 22 मार्च 2020 पासून परदेशातून भारतात येणारी नेहमीची प्रवासी विमानं थांबली. ती पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडलं. मधल्या काळात, 7 मे 2020 पासून अडकलेल्यांना परत आणणारी ‘वंदे भारत’ची विमानं निघाली खरी, पण त्यांत जागा मिळवणं सोपं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेली आई, मुलाकडे लंडनला राहायला गेलेले बाबा, असे कितीतरी जण होते तिथेच राहिले. औषधं मोजून नेलेली. ती संपायला आली आणि मग आमच्याकडे रात्री-अपरात्री फोन सुरू झाले. कोविडबद्दलचे फोन होतेच, पण त्यांच्या जोडीला असेही असत: ‘‘डॉक्टर, बाबांची सिलाकार संपली. इथला फार्मासिस्ट म्हणतो, हे औषधच आमच्याकडे नाही. काय देऊ?’’

साथ ओसरली, पण हे फोन थांबलेले नाहीत. कधी मुक्काम वाढतो, कधी बॅग हरवते, कधी एखाद्या देशाची हवाई हद्द रात्रीतून बंद होते. म्हणून मुलांकडे निघण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांसाठी हा लेख.

तो फार्मासिस्ट खरंच बोलत होता. सिलाकार या रक्तदाबाच्या गोळीतलं सिल्निडिपिन अमेरिकेत विकलं जात नाही. ग्लिक्लाझाइड, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही आपल्याकडे मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी औषधंही तिथे नाहीत. औषधं वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. ग्लिक्लाझाइड ब्रिटनमध्ये रोज लाखो लोक घेतात. प्रत्येक देशाची परवानगीची यादी वेगळी, एवढंच. पण औषध नाही म्हटल्यावर घरात जे सुरू होतं ते धोक्याचं असतं. जावई इंटरनेटवर ‘त्याच गटातलं’ दुसरं औषध शोधतो, शेजारच्या काकूंकडे ते असतं, आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळवून गोळी पोटात जाते. ग्लिक्लाझाइडची साधी गोळी 80 मिलिग्रॅमची असते आणि ग्लिमेपिराइडची 1 किंवा 2 मिलिग्रॅमची. इथे आकडे जुळवायला गेलात तर साखर इतकी खाली येईल की रात्री माणूस उठवता येणार नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं प्रकरण याहून नाजूक. झडपेचं ऑपरेशन झालेल्या आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांना अॅसिट्रॉम, म्हणजे अॅसिनोकुमॅरॉल चालू असतं. अमेरिकेत ते मिळत नाही, तिथे वॉरफरिन देतात. दोन्हींचं काम एकच, पण मात्रा वेगळी आणि शरीरात टिकण्याचा काळही वेगळा. बदल करायचा तर आयएनआरची रक्ततपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. ही अदलाबदल फोनवरून कुणी सांगितली तर ऐकू नका. मी सांगितली तरी ऐकू नका.

आता इन्शुलिन. याच्यावर जरा थांबतो, कारण इथे सुशिक्षित घरांतही घोटाळा होतो. भारतात बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला 40 युनिट असतं. त्यासाठी लाल टोपणाची, 40 खुणांची सिरिंज मिळते. अमेरिकेत आणि युरोपात बाटली एका मिलिलिटरला 100 युनिटची असते, आणि तिची सिरिंज केशरी टोपणाची. इथून नेलेल्या बाटल्या संपतात, तिथे नवी बाटली घेतली जाते, आणि सिरिंजा मात्र बॅगेत भरपूर उरलेल्या असतात. आई नेहमीप्रमाणे लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या खुणेपर्यंत इन्शुलिन ओढते. अंगात जातं 50 युनिट. अडीचपट. वॉलमार्टसारख्या दुकानांत जुन्या पद्धतीचं ह्यूमन इन्शुलिन अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं आणि त्या मानाने स्वस्तही असतं. अडचणीच्या वेळी ही मोठी सोय आहे, पण बाटली तिथली तर सिरिंजही तिथलीच, हे आईला आणि तिला सुई टोचणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवा. पेन वापरत असाल तर हा घोळ होत नाही, कारण पेनमधलं इन्शुलिन सहसा आपल्याकडेही 100 युनिटचंच असतं.

गोळी संपल्यावर किती घाबरायचं, हे गोळीवर अवलंबून आहे. थायरॉइडची गोळी अंगात बरीच टिकते. शरीरातलं निम्मं औषध उतरायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे चार दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यांचंही तसंच. याउलट मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर छातीत दुखणं उसळून येऊ शकतं. क्लोनिडिन तोडलं तर रक्तदाब पूर्वीपेक्षा वर जातो. फिटच्या गोळ्या, बरेच महिने चालू असलेलं प्रेडनिसोलोन, स्टेंट टाकल्यानंतरची क्लोपिडोग्रेल, टाइप वन मधुमेहातलं इन्शुलिन, रोजची झोपेची अल्प्राझोलाम यांत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून आपल्या यादीतल्या अशा औषधांवर तांबड्या शाईने खूण करून घ्या. गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की हालचाल सुरू करायची, शेवटच्या पाकिटाची वाट पाहायची नाही.

हालचाल म्हणजे काय? इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अमेरिकेत औषध मिळत नाही. आमच्याकडे 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण त्यांतही देशाबाहेरच्या रुग्णाला सल्ला देणं बसत नाही. मी फोनवर तुमचा इतिहास सांगू शकतो, पत्र लिहून देऊ शकतो. औषध लिहून देणारा डॉक्टर तिथलाच हवा. अमेरिकेत सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं असतात, तिथे उत्पन्नानुसार फी घेतात; पाहुण्या आईबाबांना तपासतात का, ते आधी विचारून घ्या. प्रवासी विमा जुन्या आजाराचा खर्च सहसा देत नाही, म्हणून बरीच मुलं डॉक्टरकडे न्यायलाच बिचकतात. पण मेटफॉर्मिनसारख्या जुन्या जेनेरिक गोळ्यांचा महिन्याचा खर्च काही दुकानांत चार-पाच डॉलरच्या आसपास असतो. आपण घाबरतो तो रुग्णालयात भरती होण्याच्या बिलाला, आणि ती वेळ बहुधा गोळ्या बंद केल्यानेच येते. ब्रिटनमध्ये 111 वर फोन करा. तिथल्या फार्मासिस्टला गरज पटली तर तो तिथल्या डॉक्टरने आधी लिहिलेली काही औषधं तात्पुरती देऊ शकतो.

काही पर्याय तर दुकानात समोरच असतात, फक्त नाव ओळखता यायला हवं. इकोस्प्रिन 75 ऐवजी तिथे 81 मिलिग्रॅमची अॅस्पिरिन चिठ्ठीशिवाय मिळते, ती चालते. पॅन-डीमधलं डॉमपेरिडोन अमेरिकेत नाही, पण आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळतं. दम्याच्या पंपातलं सालब्युटॅमॉल तिथे अल्ब्युटेरॉल या नावाने येतं, त्याला मात्र चिठ्ठी लागते.

आणि पॅरासिटॅमॉल तिथे अॅसिटामिनोफेन होतं. बाबांना ताप आला, त्यांनी बॅगेतली डोलो 650 दिवसातून चार वेळा घेतली. संध्याकाळी मुलाने टायलेनॉल दिली. रात्री खोकल्यासाठी सुनेने नायक्विल पाजलं. तिन्हींत औषध तेच. मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर ते देऊ नये, आणि वजन कमी असलं किंवा यकृत नाजूक असलं तर त्याहूनही कमी. जास्तीचं थेट यकृतावर जातं, आणि पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, हा त्यातला खरा दगा. नायक्विलमध्ये झोप आणणारं अॅलर्जीचं औषधही असतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते, म्हाताऱ्या माणसाचं भान सुटू शकतं. सर्दीच्या औषधाची बाटली घेताना मागचं बारीक अक्षर वाचायला मुलाला सांगा. चष्मा त्याचा चांगला असतो.

महासाथीत स्वतःच डॉक्टर होण्याचा जो सपाटा जगभर लागला, त्याची किंमतही पाहिली पाहिजे. मार्च 2020 मध्ये अॅरिझोनात एका जोडप्याने माशांच्या टाकीसाठी आणलेलं क्लोरोक्वीन कोविड टाळण्यासाठी घेतलं, त्यात नवरा दगावला. इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं गेली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा साठा लोक घराघरांत करू लागले, तेव्हा ज्यांना त्याची रोज गरज होती त्या ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना अमेरिकेत ते मिळेना. भारताने 25 मार्चला त्याची निर्यात रोखली, एप्रिलमध्ये सैल केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोविडसाठी दिलेली तातडीची परवानगी 15 जून 2020 ला काढूनच घेतली. हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवण्याची त्याची सवय आम्हाला आधीपासून माहीत होती, अॅझिथ्रोमायसिनच्या जोडीने तर जास्तच.

आपणही मागे नव्हतो. मे 2021 मध्ये गोवा सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्यानंतर लवकरच ते आपल्या सूचनांतून वगळलं. इकडच्या कुणा डॉक्टरने इकडच्या कुणा रुग्णाला लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवरून दुबई, ह्यूस्टन, मेलबर्नला पोचले, आणि त्यांतल्या गोळ्या पार्सलने मागवल्या गेल्या. त्या यादीत मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती स्टेरॉइडची. 16 जून 2020 ला ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र काडीचा फायदा नाही. बातमीचा पूर्वार्ध सगळीकडे पोचला, उत्तरार्ध पोचला नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी घरीच स्टेरॉइड घेणारे मधुमेही आम्ही पाहिले, त्यांची साखर चारशेवर गेलेली पाहिली, आणि 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने डोळा गमावलेलेही पाहिले.

तेव्हा बॅग भरताना. औषधं हातातल्या सामानात, मूळ पाकिटांतच, सोबत इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी. तिच्यावर ब्रँडशेजारी औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि ते कशासाठी आहे ते लिहिलेलं असू द्या. एका गोळीत दोन औषधं असतील, जसं ग्लायकोमेट-जीपीमध्ये मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, तर दोन्हींची नावं हवीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण 90 दिवसांपर्यंतची औषधं नेता येतात, त्यामुळे मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर पुढच्या तीन महिन्यांची सोय तिसऱ्या महिन्यात नको, पहिल्याच महिन्यात बघा. आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. आधी तिथल्या सरकारची मंजुरी घेतली नाही, तर विमानतळावरच अडकाल. गुडघेदुखीसाठी कुणी दिलेली अर्धी पट्टी पर्समध्ये विसरली, हे कारण तिथे चालत नाही. उरलेली अँटिबायोटिकची पट्टी ‘असू दे’ म्हणून घेतली असेल तर ती घरीच काढून ठेवा.

परत येतानाही एक करा. तिथे घेतलेली टायलेनॉलची मोठी बाटली सोसायटीत मूठमूठ वाटू नका, कारण नाव बदललं की इथलेही लोक वरून क्रोसिन घेतात. आणि केशरी टोपणाच्या सिरिंजा तिथेच टाकून या. इथल्या 40च्या बाटलीत ती सिरिंज घालून 20च्या खुणेपर्यंत ओढलं तर आठच युनिट अंगात जातात, आणि साखर का वाढतेय हे शोधण्यात आमचे दोन आठवडे जातात.