घटक ५ : पात्राचा लिंगभाव – वाचकांचे तर्क आणि योगायोग

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• संहितेतील पुरावा आणि योगायोग यांतील भेद सांगता येईल.
• लिंगभाव उघड करणारी व झाकणारी मराठी वाक्यरचना ओळखता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कथेतील पात्र स्त्री की पुरुष, हे आपण पहिल्या काही ओळींतच गृहीत धरतो. लेखकाने ते सांगितलेच नाही, तर वाचक तर्क करू लागतात. हे तर्क कितपत ग्राह्य मानावेत, ते एका जपानी उदाहरणाच्या आधारे पाहू.

विषय-विवेचन

हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही चित्रकथा २००९ ते २०२१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरील ॲनिमे मालिका २०१३ मध्ये सुरू झाली. नरभक्षक महाकायांचा झपाटून अभ्यास करणारे हांजी झोए हे तिच्यातील एक लोकप्रिय पात्र. मूळ चित्रकथेत त्याचा लिंगभाव निश्चित केलेला नाही. जपानीत हे सहज साधते; कारण तेथे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही आणि सर्वनाम बहुधा गाळता येते.

चाहत्यांचे तर्क मात्र थांबत नाहीत. ॲनिमेत हांजीला रोमी पार्क या अभिनेत्रीचा आवाज आहे, म्हणून हांजी स्त्री, असे काही जण म्हणतात. परंतु याच अभिनेत्रीने ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधील एडवर्ड या मुलालाही आवाज दिला आहे. मुलग्यांना अभिनेत्रींनी आवाज देणे हा त्या व्यवसायातील रूढ संकेत आहे. २०१५ च्या चित्रपटात ही भूमिका सातोमी इशिहारा या अभिनेत्रीने केली. पण रूपांतर हा मूळ कृतीचा एक अन्वयार्थ असतो, तिचा पुरावा नव्हे. ‘झोए’ हे युरोपात स्त्रीचे नाव आहे खरे. येथे मात्र ते आडनावाच्या जागी येते.

काही योगायोग तर केवळ गमतीचे. जपानीत ‘हांजी’ या उच्चाराचा एक शब्द ‘न्यायाधीश’ या अर्थाचा आहे. ज्याच्याविषयी सारेच निवाडा देतात, त्याचे नावच न्यायाधीश! आपल्या कानाला तर ते हिंदीतील ‘हां जी’सारखे वाटते. ‘स्त्री की पुरुष?’ असे विचारावे आणि ‘हां जी’ असे उत्तर मिळावे, तसा हा प्रकार. अशा जुळण्या मौज देतात, पण त्यांवरून काही सिद्ध होत नाही. उलट निष्कर्षालाही जी खूण तितकीच सोयीची ठरते, ती पुरावा नसते.

आता मराठीकडे वळू. ‘हांजी आला’ किंवा ‘हांजी आली’ म्हणताच मूळातील मौन मोडते. ‘ते आले’ म्हणावे, तर नपुंसकलिंगी एकवचन आणि पुरुषाविषयीचे आदरार्थी रूप एकच असल्याने वाचक पुरुषच समजेल. तरीही मार्ग आहेत. ‘हांजीने दार उघडले’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही. ‘हांजी म्हणाली’ऐवजी ‘हांजीने विचारले’, ‘हांजी हसला’ऐवजी ‘हांजीला हसू आले’ आणि भविष्यकाळात ‘हांजी येईल’ असे लिहिता येते. अशा भाषांतराला श्रम पडतात. परंतु मूळ कृती जिथे बोलत नाही, तिथे आपणही न बोलणे ही भाषांतरकाराची सचोटी होय.

समारोप

संहितेतील मौन हाही अर्थाचा भाग असतो. काल्पनिक पात्राविषयी चुकलेला तर्क गमतीवारी नेता येतो. प्रत्यक्ष माणसाविषयी तसे नाही. आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात मान्य केला आहे. नाव, आवाज वा वेशावरून घाईने निवाडा न करण्याची सवय वाचनातूनही लागू शकते.

स्वाध्याय

१. पुरावा आणि योगायोग यांतील फरक आपल्या वाचनातील एका उदाहरणासह स्पष्ट करा.
२. पात्राचा लिंगभाव कोठेही उघड न करता दहा ओळींचा प्रसंग लिहा. कोणते वाक्य सर्वांत अवघड गेले व का, ते नोंदवा.