आधी सातबारा वाचा, मग कोड लिहा

एक्सेलमध्ये १२/२ टाइप करून एंटर दाबा. समोर १२ फेब्रुवारी येते. ऑफिसात बसलेल्याला याची गंमत वाटते. ज्याच्या जमिनीचा गट नंबरच १२/२ आहे, त्याला नाही.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना राजगडासाठी गुंजवण्याचा फाटा फुटतो, ते गाव मार्गासनी. तिथल्या शेतकऱ्यांच्या एका गटाने इंद्रायणी तांदूळ थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाला विकायला वेबसाइट करून घेतली होती. करणारे निघून गेले आणि दुरुस्ती माझ्याकडे आली. कोड उघडला तर वाईट नव्हता. फ्रेमवर्क ताजं, फंक्शनची नावं नीट. फक्त लिहिणाऱ्यांपैकी कुणी सातबारा हातात घेऊन वाचल्याची खूण कुठे दिसेना.

सभासदांची यादी एक्सेलमधून चढवलेली. १२/२ फेब्रुवारीत गेला, ३/१ जानेवारीत. ४५/२ मात्र शाबूत, कारण ४५ तारीख कुठल्याच महिन्याला नसते! निम्मी यादी बरोबर दिसत असल्यामुळे बिघाड कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. शेवटी एका आजोबांनीच मोबाइल पुढे केला, "आरं, माजं रान फेब्रुवारीत कवा गेलं?"

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मार्च-१, सेप्ट-१ अशा नावांच्या मानवी जनुकांच्या एक्सेलने इतकी वर्षं तारखा केल्या की २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा डेटाबेस आखताना स्वतःला एक विचारा: याची बेरीज मी कधी करणार आहे का? नसेल, तर तो मजकूर म्हणूनच साठवा. गट नंबर, पिन कोड, मोबाइल नंबर, सगळे यात आले.

ज्याची बेरीज होते ते क्षेत्र तर आणखी फसवं. सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. ०.४०.५० म्हणजे ४० आर ५० चौरस मीटर. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट यातलं ०.४ उचलतं, उरलेलं टाकून देतं आणि तक्रारही करत नाही. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक आले, तर त्याला आकडाच सापडत नाही. यातली दुसरी चूक परवडली, ती निदान दिसते. ५ आर म्हणजे ०.०५ हेक्टर, कुणी घाईत ०.५ लिहिलं की रान दसपट. तीन खाने वेगळे द्या आणि भरून झाल्यावर 'तुमचं क्षेत्र अंदाजे इतके गुंठे, बरोबर?' असं विचारा. हेक्टर कागदावरचे, शेतकरी हिशोब गुंठ्यात करतो, चूक तिथे लगेच पकडतो.

माणसं ओळखायला आधीच्यांनी मोबाइल नंबर धरला होता. घरात फोन एक आणि खातेदार तीन असले की तिघांचा तांदूळ एकाच्या नावावर. नाव-आडनाव धरलं तरी भावकीत तेच नाव दुसरं निघतं. प्रत्येकाला स्वतःचा सभासद क्रमांक द्यावा, बाकी सगळं बदलू शकतं असं धरून चालावं.

आणि बदल झाला की जुनं पुसू नये. हे शिकायला परदेशी पुस्तक लागत नाही, तलाठ्याचं दप्तर पुरतं. जमीन विकली, वारस लागले, तरी जुनं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस होतो, शेजारी फेरफाराचा नंबर येतो आणि कुणाचं नाव कशामुळे गेलं ते पुढच्या पिढीलाही शोधता येतं. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं. कोडचा इतिहास आपण त्यात हौसेने जपतो आणि लोकांच्या पैशांच्या नोंदीवर मात्र बिनधास्त डिलीट चालवतो, हे मला कधीच पटलेलं नाही. भाव बदलला, ऑर्डर रद्द झाली, तर जुन्या ओळीला कंस करा: कधी, कुणी, कशासाठी हे तीन खाने जोडून. भांडण झालं की तेच कामाला येतात.

रेंजबद्दल थोडक्यात. डोंगराच्या आडोशाला ती येते-जाते. पहिल्याच पानावर गडाचे भलेमोठे फोटो कशाला? भाव आणि शिल्लक पोती आधी दिसू देत. फॉर्म अर्धवट असताना नेट गेलं तर भरलेलं जाऊ नये.

बॅकअप आहे म्हणणाऱ्याला तो परत उभा करून दाखवायला सांगा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा ठेवलेल्या पाच सोयींपैकी एकही धड कामी आली नाही. सुमारे सहा तास आधीची एक प्रत योगायोगाने हाती होती म्हणून निभावलं. डोमेनही गटाच्या नावावर आणि गटाच्या ईमेलवर घ्या, डेव्हलपरच्या नको. इथे नूतनीकरणाची सूचना गाव सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्सात पडत होती. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ती गटाच्या सचिवांकडे द्या आणि त्यांच्यासमोर त्याच वहीवरून एकदा लॉगिन करून बघा.