कॅमेरा गल्ल्यावर ठेवू नकोस

आधी पैशाचं बोलून घेऊ. ते एकदा उरकलं की बाकीचं मोकळ्या मनानं बोलता येईल. शिवाय हा विषय तू स्वतःहून कधी काढणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आत्या सांगत होती, पोरगी रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरसमोर असते आणि महिनाअखेरीला हातात काही दिसत नाही. तुला विचारलं तर म्हणालीस, "ओळखीतलं काम होतं गं ताई." अगं, सोलापुरात ओळखीतलं नसलेलं काम असतं तरी कुठं? नवी पेठेत पाय टाकला की दोन दुकानं सोडून एखादा काका भेटतोच. सवलत द्यायची तर जरूर दे, पण आकडा सांगून दे. काम बाराशेचं आहे, तुमच्यासाठी हजार, असं तोंडानं म्हणायचं. फुकट केलेल्या कामाची किंमत समोरच्याला कधी कळतच नाही. पुढच्या वेळी तो आणखी चौघांना घेऊन येतो, आणि तेही ओळखीचेच निघतात.

निम्मे पैसे आधी घ्यायचे. दोन दुरुस्त्या त्यात धरायच्या, तिसरीपासून वेगळे पैसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मजकूर गिऱ्हाइकानं स्वतः वाचून व्हॉट्सॲपवर "ओके" लिहून पाठवल्याशिवाय फाइल प्रेसला सोडायची नाही. लग्नपत्रिकेत निमंत्रकांचा क्रम चुकला, चुलते खाली आणि मामा वर गेले, तर लग्नघरातला राग फिरून फिरून तुझ्यावरच येणार. त्यात आपलं गाव असं, की आज मराठी पत्रिका, उद्या कन्नड, परवा तेलुगू. जी लिपी वाचता येत नाही तिचा मजकूर अंदाजानं जुळवत बसू नकोस. त्यांच्याच घरातल्या जाणत्या माणसाकडून युनिकोडमध्ये टाइप करून माग आणि प्रूफही त्यालाच वाचायला लाव. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये करून पीडीएफ दे, नाहीतर तुझ्याकडे सुरेख दिसणारी वेलांटी प्रेसच्या जुन्या कोरलमध्ये भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. "दुसऱ्या", "तुमच्या", "र्‍हस्व" असले शब्द छपाईआधी एकदा मोठे करून बघायचेच.

फ्लेक्सचं काम मिळतं म्हणून तू जरा ओशाळतेस, हे मी पाहिलंय. चौकातला वाढदिवसाचा फलक तू केलेला असतो आणि आपण तिथून जाताना तू दुसरीकडे बघतेस. कशाला? आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. कमल शेडग्यांनी उभा जन्म अक्षरांत काढला. नाटकाचं नाव त्यांनी लिहिलं की जाहिरात बघूनच कळायचं, नाटक हसवणारं आहे की डोळ्यांतून पाणी काढणारं. २०२० साली ते गेले, पण मराठी अक्षर शिकायचं असेल तर त्यांची कामं शोधून शोधून बघ. फलक छोटा नसतो आणि मोठाही नसतो. त्यावरचं अक्षर नीट बसलंय की नाही, एवढंच बघायचं.

आता फलकावर चाळीस चेहरे टाकायचेच म्हटल्यावर तूही काय करणार! "आमच्या साहेबांचा फोटो लई बारका दिसायलाय, जरा मोठा करा की ओ," असं कुणी म्हणालं की वाद घालत बसू नकोस, कर मोठा. फक्त फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नको, मूळ फाइल माग, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. लांबून वाचायच्या मोठ्या फ्लेक्सला ७२ डीपीआय पुरतं, हातात धरून वाचायच्या पत्रिकेला ३०० लागतंच. आणि पडद्यावर झळकणारा तो पोपटी-निळा छापून आला की मिटतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेव, मागून सांगितलं की ती सबब वाटते. बचत गटाच्या शेंगाचटणीच्या पाकिटाचं काम आलं तर मात्र सोडू नकोस. पैसे थोडे मिळतील, पण परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, तारीख, किंमत, शाकाहाराचा हिरवा ठिपका, एवढं सगळं तळहाताएवढ्या जागेत बसवून वर पाकीट देखणं ठेवायचं, याच्याइतकी चांगली शाळा नाही.

झालं पैशाचं. आता कॅमेऱ्याकडे येते.

घरात सगळे तुझ्या मागं लागलेत, की एवढा महागाचा कॅमेरा घेतलास तर लग्नाच्या ऑर्डरी घे. बिनखर्चाचा सल्ला आहे, कुणीही देतं. माझं मत विचारशील तर इतक्यात घेऊ नकोस. लग्नाचं काम हलकं आहे म्हणून नव्हे. ते फार अवघड काम आहे, अक्षता एकदाच पडतात आणि फोटोवाला तेव्हा बॅटरी बदलत असला तर संपलं. मी नको म्हणते ते तुझ्यासाठी. दिवसभर तू दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र कापतेस, चेहरे मोठे करतेस, जिथं म्हणून मोकळी जागा दिसेल तिथं मजकूर भरतेस. रिकामी जागा बघितली की गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. कॅमेरा ही तुझी एकच जागा अशी आहे, जिथं "हे मोठं करा" म्हणणारं कुणी नाही. तीही गल्ल्यावर नेऊन ठेवलीस तर डोळ्याला विसावा कुठला?

मागं तू संभाजी तलावाचा फोटो पाठवला होतास. खाली पाण्याची बारीकशी पट्टी, एका कोपऱ्यात बगळा आणि बाकी नुसतं आभाळ. आत्याला वाटलं चुकून निघाला. त्यानंतर तू शाळेच्या स्नेहसंमेलनाचं जे आमंत्रण केलंस, त्यात वरचा निम्मा कागद तसाच कोरा सोडलास आणि खाली तीन ओळी लिहिल्यास. मुख्याध्यापकांना आवडलं, ते का आवडलं हे त्यांना सांगता आलं नाही. मला मात्र ते आभाळ लगेच ओळखू आलं. म्हणून म्हणते, या छंदातून पैसा येत नाही असं कुणी म्हणालं तर गप्प बस. कुठून येतो ते त्यांना दिसत नाही, इतकंच.

तुला एक काम सुचवते, बिनपैशाचं. आपल्या गावातल्या हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या टिपून ठेव. मधला मारुती, बाळीवेस, साखर पेठ, अशोक चौक असं सावकाश पायी फिर. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू पाट्या शेजारी शेजारी मिळणारी गावं फार नाहीत. एखाद्या पेंटरनं तेलुगू अक्षराची गोलाई नकळत मराठी "क"ला दिलेली असते. ते बघण्यासारखं असतं. पाटीच्या अगदी समोर उभी राहा, कॅमेरा सरळ धर, वाइड लेन्सनं तिरपं काढू नकोस. पूर्वेकडं तोंड असलेल्या पाट्या सकाळी, पश्चिमेच्या संध्याकाळी, आणि फार ऊन असेल तर सावलीत आलेल्या आधी. फाइलला गल्ली आणि तारीख यांचं नाव दे. नवा फ्लेक्स जुन्या पाटीवरच ठोकतात, त्यामुळे यातल्या किती उरतील सांगता येत नाही. आणि तो फ्लेक्स तूच केलेला असण्याचीही शक्यता आहे, हो की नाही?

दुसरं म्हणजे पूर्व भागात एखाद्या चादरीच्या कारखान्यात ओळख काढून जा. ऐकीव माहितीवर राहू नकोस, जकार्डचा माग जवळून बघ. जकार्डनं फ्रान्समध्ये १८०४ साली हे यंत्र आणलं आणि आपल्या चादरीवरचे मोर, फुलं त्याच युक्तीनं उमटतात. डिझायनर आलेखाच्या कागदावर चौकोन भरतो. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती जागा. भरलेला चौकोन असला तर उभा धागा वर उचलायचा, कोरा असला तर खाली राहू द्यायचा. त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोरीनं एकमेकींना बांधून मागाच्या डोक्यावर चढवायच्या. प्रत्येक पट्टी पुढं सरकली की एक ओळ विणून होते. आता बरंच काम संगणकावर होतं, पण चौकोन तेच. फोटोशॉपमध्ये खूप जवळ गेलीस की तुला जे दिसतात तेही हेच. मोराची मान गोल दाखवायची आणि हातात फक्त चौकोन, रंगही मोजकेच, वर चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल झालेली नक्षी तिकडूनही शोभली पाहिजे. एवढ्या अटींत ज्यांनी मोर काढला त्यांचं नाव कुठल्याच चादरीवर नसतं. जुने आलेख कुणी दाखवले तर त्यांचे फोटो आधी काढ, मागाचे नंतर.

आत गेल्यावर लेन्स बदलू नकोस. हवेत कापसाची भुकटी असते, ती सेन्सरवर बसली की प्रत्येक आभाळात डाग दिसतात. ट्यूबलाइटच्या उजेडात फोटोवर पट्टे येतात म्हणून तू वैतागली होतीस ना? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव, पट्टे जातील. १/५० ला हलणारा भाग पुसट येईल आणि मागाशी उभा असलेला माणूस स्थिर राहील, आणि तिथलं खरं चित्र तसंच असतं. आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून परवानगी बाहेरच विचारून घे, आत गेल्यावर खुणेनं पुन्हा विचार. ज्यांचे फोटो काढशील त्यांना नंतर ४ बाय ६ चे प्रिंट नेऊन दे. मोबाइलवर पाठवला तर ते बघतात आणि विसरतात, पण प्रिंट घरी जातो. आणि तुला पुढच्या खेपेला कुणी अडवत नाही.

गड्डा यात्रेचं वेगळं सांगायला नको, तू लहानपणापासून अक्षता सोहळ्याला उभी राहिलेली आहेस. फक्त एक सांगते. मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या गेल्या वर्षीच्या तुझ्या फोटोंत मळकट राखाडी आल्या होत्या. समोर सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो आणि चित्र काळवंडतं. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप वर ने आणि रॉमध्ये काढ. नंदीध्वज पेलणाऱ्याच्या समोर मात्र आडवी येऊ नकोस. एवढी उंच काठी एकटा माणूस तोलत असतो, त्याचं लक्ष वर असतं, तुझ्याकडं नसतं. संमती कट्ट्याजवळ सगळे कॅमेरे वर करून उभे असतात, तिथं तुझ्या एका कॅमेऱ्यानं काही भर पडणार नाही. काठी विसाव्याला टेकवल्यावर घाम पुसणारे खांदे बघ.

नान्नजला जायचं म्हणतेस तर जा, पण माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नकोस. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आता तो दिसणं नशिबाच्याही पलीकडं गेलंय. काळवीट दिसतील, माळरानावरचा सकाळचा उजेड दिसेल, तेवढं पुष्कळ आहे. तिथं किंवा हिप्परग्याच्या तलावावर एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी बरोबर घे, आणि कुठं चाललीस ते घरात सांगून जा. हे मी तू मुलगी आहेस म्हणूनच सांगतेय. आवडलं नाही तरी ऐक.

उन्हाळ्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा कॅमेरा स्कूटीच्या डिकीत सोडायचा नाही. फोटो दोन ठिकाणी ठेव, दोन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात नकोत, एक माझ्याकडे आणून दे. रात्री पडद्याचा उजेड कमी कर आणि मनगट दुखतंय ते लपवू नकोस, टेबलाची उंची आधी बघ.

आणि ती नवी झूम लेन्स हप्त्यावर घ्यायचं डोक्यातून काढ. आहे त्या पैशात पन्नासची प्राइम, १.८ वाली, वापरलेली मिळते. कारखान्यातल्या अंधारात तीच कामाला येईल. घेताना तिच्यात बुरशी नाही ना, ते टॉर्च मारून बघावं लागतं. तुला एकटीला बघून दुकानदार किंमत चढी सांगेल. निघायच्या आधी फोन कर, घासाघीस मी करते.