एकविसाव्या दिवसानंतर : वर्गातील अंडी-उबवणीचे नियोजन

मज्झिम निकायातील चेतोखिल सुत्तात तथागतांनी कोंबडीची एक उपमा दिली आहे. आठ, दहा किंवा बारा अंडी कोंबडीने नीट झाकली, त्यांना नीट ऊब दिली, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिने केली नाही तरी ती कवच फोडून बाहेर येतात. इच्छेपेक्षा अखंड निगा महत्त्वाची, हे या उपमेचे मर्म आम्ही घेतो. वर्गात अंडी उबवण्याचा उपक्रम हाती घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही उपमा मनाशी ठेवावी. कारण या उपक्रमात उत्साहाची उणीव कधीच नसते. उणीव असते ती नियोजनाची.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिल्या वर्षी उबवणी यंत्र आले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यात अंडी ठेवली. दिनदर्शिका पाहिली नाही. पिल्ले निघाली ती दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर. मुले गावी गेली. पिल्ले स्वयंपाकघराच्या पडवीत, खोक्यात, एका बल्बच्या उबेवर राहिली. एका रात्री वीज गेली आणि सकाळी त्यांतील निम्मीही उरली नव्हती. सुटीहून परतलेल्या सहावीतील एका विद्यार्थ्याने खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच विचारले, “सर, आपली पिल्लं कुठं आहेत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आई-वडिलांनी आमच्या भरवशावर सोपवलेली मुले जेथे राहतात, तेथेच भरवशावर असलेल्या जिवांची अशी हेळसांड व्हावी, ही खंत आजही आहे. तेव्हापासून आमचा नियम एकच : पिल्लांचे पुढचे घर लेखी ठरल्याखेरीज एकही अंडे यंत्रात ठेवायचे नाही.

नियोजन शेवटाकडून

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करावी. खुराडे असलेला, सर्व पिल्ले स्वीकारणारा पालक आधी शोधावा. ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा. साधारणतः निम्मी पिल्ले नर निघतात. तेव्हा फक्त तलंगा नेण्यास तयार असलेल्या व्यक्तीवर विसंबून चालत नाही. खुराड्यात जितकी मावतील तितकीच अंडी ठेवावीत. एका वर्गाला डझनभर पुरेशी होतात.

कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. मंगळवारी अंडी ठेवल्यास सातवा दिवस मंगळवारी, अठरावा शनिवारी आणि एकविसावा पुन्हा मंगळवारी येतो. पिल्ले निघताना शाळा भरलेली असते. त्यानंतर सुमारे चार आठवडे कृत्रिम ऊब लागते. असे सात आठवडे मोठी सुटी किंवा परीक्षा नसलेली पाहावीत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे सर्वस्वी टाळावेत. खोलीच ४० अंशांच्या पुढे तापली, तर साधे यंत्र ऊब देऊ शकते, गारवा देऊ शकत नाही.

दुकानातील अंडी सहसा फलित नसतात, कारण त्या कोंबड्यांत नर नसतो. अंडी उबवणी केंद्रातून किंवा कोंबडा पाळणाऱ्या पालकाकडून आणावीत. ती सात दिवसांहून जुनी नसावीत आणि फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत. रानपाखरांच्या घरट्यातील अंड्याला मात्र हात लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हीसुद्धा शिकारच आहे.

एकवीस दिवसांची निगा

यंत्र एक दिवस आधी चालू करून तापमान स्थिर होते का, ते पाहावे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस तापमान राखावे. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, पुढे ६५ ते ७० टक्के असावी. अंड्याच्या एका बाजूस फुली, दुसऱ्या बाजूस शून्य अशी पेन्सिलची खूण करून ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. ही संख्या विषम ठेवल्याने रोज रात्री वेगळी बाजू वर राहते. सातव्या दिवशी अंधारात अंडे दिव्यासमोर धरले, की रक्तवाहिन्यांचे जाळे मुलांना दिसते. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवू नयेत, झाकणही उघडू नये. वीज गेल्यास इन्व्हर्टर कोण चालू करणार, रात्री कोण उठणार, त्यांची नावे तक्त्यावर लिहिलेली असावीत. निवासी शाळेत रविवारीही माणसे असतात, ही आपली जमेची बाजू आहे.

कवचाला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर येण्यास एक दिवसही लागू शकतो. दयेपोटी कवच सोलू नये. रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकते. पोटात शोषलेल्या बलकावर ते पहिला दिवस सहज काढते, म्हणून पिसे सुकेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे. त्यानंतर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब द्यावी आणि ती दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर पांगून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली आहे, असे समजावे.

पिल्ले निरोगी दिसली तरी त्यांच्यापासून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. भोजनगृहात व शयनगृहात पिल्ले नेऊ नयेत. राणीखेतची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावी. २००६ साली देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, हे स्मरणात ठेवून अचानक होणारी मरतूक लपवू नये, त्वरित कळवावी.

प्रामाणिक उत्तर

सर्व अंडी फळत नाहीत, काही पिल्ले दुबळी निघतात, हे मुलांना आधीच सांगावे. आणि एक प्रश्न ती हमखास विचारतात : पुढे हे कोंबडे कापणार का? सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात लपवाछपवी केलेली नाही. पाकशाळेत अजून दोन मोर आणि एक हरिण मारले जाते, हरिण रोज नव्हे, आणि यापुढे तेही मारले जाणार नाहीत, असे तो नमूद करतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. हा भेद मुलांपुढे मांडावा, पण पाळता न येणारे वचन देऊ नये. ज्या घरी कोंबडे जातील तेथे काय होऊ शकते, ते स्पष्ट सांगावे. वर्गाला ते मान्य नसेल तर अंडी उबवूच नयेत. एखाद्या पालकाच्या घरी खुडूक बसलेली कोंबडी लांबून पाहूनही बरेच शिकता येते.

संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आहे आणि प्राणिमात्रांविषयीची दयाबुद्धीही आहे. पिल्लू जन्मताना पाहणे हा पहिल्या कर्तव्याचा पाठ, त्याच्या बाविसाव्या दिवसाची सोय आधी लावणे हा दुसऱ्याचा. एक पाठ दुसऱ्याविना शिकवता येत नाही.

आता आमच्याकडे अंडी ठेवण्यापूर्वी पालकाच्या संमतिपत्राचे वर्गात वाचन होते. पिल्ले गेल्यावर महिन्याभराने दोन विद्यार्थी त्या घरी जाऊन येतात व किती जगली, किती गेली ते वहीत नोंदवतात. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देता यावे, यासाठीच ही वही आहे.